इतवारीतलं लेझर कटिंगचं दुकान, फाईल उघडून पाहणारे लोक

शाळेच्या गॅदरिंगसाठी आपल्या नागपूरच्या झिरो माईल स्मारकाचे मोमेंटो करायचे होते, खांब आणि चारही घोडे, ३ मिमी एमडीएफमध्ये (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड), २५ पीस. फाईल माझीच, कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये चार रात्री बसून केलेली. आधी ज्या दुकानात दिली (नाव घेत नाही) तिथं पहिले तीन पीस निघाले न पाह्यते तर काय, पुढच्या घोड्याच्या मानेतून आरपार आडवा कट! स्क्रीनवर त्या जागी रेष नव्हतीच. आयाळीच्या बारीक पट्ट्या पण सुटून खाली पडल्या. त्यांचं एकच, फाईलमध्येच असंल ताई, मशीन थोडीच मनानं कापते. कुठं आहे ते कोणी दाखवलं नाही, अन् पैसे तिन्ही पिसांचे घेतले. रडूच आलं होतं मला खरं सांगते.

मग मैत्रिणीनं हे सराफ्यामागच्या गल्लीतलं दुकान सांगितलं. इथं मशीनवर जो भाऊ बसतो त्यानं शीट लावायच्या आधी फाईल लाइटबर्नमध्ये (लेझर मशीन चालवायचं सॉफ्टवेअर) उघडली आणि थेट वायरफ्रेम व्ह्यू केला. रंग, फिल सगळं गायब, नुसत्या रेषा. आणि तिथं ती होती, मानेतून जाणारी! खांबावर नक्षी म्हणून मी एक रेडीमेड बॉर्डर पॉवरक्लिप केली होती, म्हणजे खांबाच्या आकारात बसवली होती, बाहेरचा भाग झाकला गेला म्हणजे संपला असं मी समजून होती, पण तो पुसल्या जात नाही, नुसता लपते. फाईल एसव्हीजी (रेषांच्या चित्राचा फाईल प्रकार) होऊन लाइटबर्नमध्ये गेली की क्लिप राहत नाही, पूर्ण बॉर्डर मोकळी होते आणि लेझर ती इमानदारीनं कापते. भाऊ म्हणे, "ताई, तुम्हाला जे दिसून राहिलं ते मशीनला दिसत नाही, तिला फक्त रेष समजते." त्यानं क्लिपमधून नक्षी बाहेर काढली, खांबाच्या मापानं छाटली, दहा मिनिटांचं काम.

आयाळीचं कारण वेगळंच निघालं. ती मी फोटोवरून ट्रेस केली होती, आणि ट्रेस केलेली जाड रेष म्हणजे खरं तर एक लांबट आकार असते, त्याला दोन काठ, लेझर दोन्ही काठांवरून फिरते म्हणून मधली पट्टी सुटते. ते त्यानं मला झूम करून दाखवलं, माउस माझ्या हातात देऊन, न मग एकेरी रेष मीच काढली तिथं बसून. पायाच्या आउटलाइनवर तीच आउटलाइन दोनदा पेस्ट झालेली होती, म्हणून कडा जास्त जळून राहिली होती, डुप्लिकेट डिलीट केले की झालं.

शेवटी लाइटबर्नचा प्रिव्ह्यू लावला, लेझर कुठून कुठं जाईल ते पूर्ण चालवून पाहिलं. त्यात पुन्हा मानेवर लाल रेषा पाहून मी घाबरलीच, पण त्या नुसत्या हेड सरकण्याच्या असतात, तिथं लेझर बंद असते, कटच्या काळ्या. मग एकच सॅम्पल, कागदाच्या पुठ्ठ्यावर, कमी पॉवरवर. मान शाबूत! त्याच्यानंतरच एमडीएफ चढवलं. स्टँडची खाच थोडी ढिली होती ती पण बोर्डाची जाडी व्हर्नियरनं मोजून बरोबर करून दिली.

फाईल दुरुस्तीचे वेगळे पैसे घेतले नाही, कटिंगचा हिशोब मिनिटावर, तो आधीच सांगितला. कमी एवढंच की गर्दी फार, मला दीड तास थांबावं लागलं, बसायला एकच स्टूल, आणि गाडी लावायची म्हणाल तर बाप्पा, लांब कुठंतरी लावून पायीच या. डिलिव्हरी पण सांगितल्यापेक्षा एक दिवस उशिरा मिळाली, गॅदरिंगच्या आदल्या संध्याकाळी, जीव टांगणीला होता. पण २५ चे २५ पीस धड आले.

जाल तर पीडीएफ नको, कोरलची मूळ फाईलच पेनड्राइव्हवर न्या, आणि दुपारी दोनच्या आत जा.