जुन्या जीपचा इन्शुरन्स, एकदाचा झाला!
आमची महिंद्राची एमएम ५४० जीप बाबांच्या वेळची, तिला विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र), मोठे टायर, रोल केज (गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा सांगाडा) लावलेलं, आणि फोनवर मॉडिफाइड म्हटलं की समोरचा थेट थर्ड पार्टीच (फक्त दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा इन्शुरन्स) घ्या म्हणायचा, जीव तुटायचा हो. मग कोथरूडचे एक एजंट भेटले, त्यांनी आधी आरसी बघितली आणि स्पष्ट सांगितलं, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओत बदलांची नोंद करा, नाहीतर क्लेम अडकेल. सर्व्हेअर घरी आला, खाली वाकून चॅसी नंबरवरची माती बोटाने पुसून फोटो काढला. ५ वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही (इन्शुरन्ससाठी धरलेली गाडीची किंमत) कंपनीशी बोलून ठरवता येते हे मला माहीतच नव्हतं! विंच अॅक्सेसरीजमध्ये वेगळा लिहून घेतला. प्रीमियम थोडा जास्त बसला पण एजंट माणूस एकदम खरा, बिनधास्त जा.