व्हिएन्नात मोझार्टने विकलेलं तिकीट

190 युरो. दोन तिकिटांचे. आकडा आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे "एवढ्याशासाठी काय मोठं" असं वाटणाऱ्यांनी इथेच थांबावं.

जुलै 2023. व्हिएन्नातला आमचा दुसरा दिवस. सकाळ कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये गेली. ब्रॉयगेलच्या दालनात 1565 सालचं बर्फातल्या शिकाऱ्यांचं चित्र आहे, त्याच्यासमोर आम्ही अर्धा तास बसून होतो. चित्र थोर आहेच, पण पायही दुखत होते. खालच्या मजल्यावर चेल्लिनीने घडवलेलं सोन्याचं मिठाचं भांडं आहे. 2003 मध्ये एक चोर दुरुस्तीसाठी बांधलेल्या परांचीवरून चढून आत शिरला आणि ते उचलून घेऊन गेला. अलार्म वाजला होता. पहारेकऱ्यांना वाटलं, उगाचच वाजतोय. त्यांनी तो बंद करून टाकला. 2006 मध्ये भांडं जंगलात पुरलेलं सापडलं. "काय बावळट लोक!" मी ह्यांना म्हटलं होतं. हे वाक्य ह्यांनी मला नंतर बरेच दिवस ऐकवलं.

दुपारी आम्ही ऑपेरा हाऊसच्या बाजूने कॅर्न्टनर श्ट्रासवर आलो. ही इमारत बघायची माझी फार इच्छा होती. 1869 मध्ये उघडलेली, 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जळलेली, 1955 मध्ये पुन्हा उभी राहिलेली. कोपऱ्यावर लाल कोट आणि पांढरा टोप घातलेला एक तरुण उभा होता. मोझार्टचा वेश. असे वेशधारी तिकीटवाले त्या भागात पावलापावलावर भेटतात, आणि सगळेच काही लबाड नसतात. हा मात्र "नमस्ते" म्हणाला आणि मी विरघळले.

त्याच्या हातात प्लॅस्टिकच्या पानांचा अल्बम होता. पहिल्या पानावर समोरच्याच ऑपेरा हाऊसचा फोटो, दुसऱ्यावर म्युझिकफेराइन या संगीतगृहाचं ते सोनेरी सभागृह, तिसऱ्यावर नर्तकी. मी विचारलं, "आज ऑपेरा आहे?" तो म्हणाला, "आज रात्री, ऑपेरा आणि मोझार्ट, शेवटच्या चार जागा." आता मागे वळून पाहिलं तर त्याचं एकही वाक्य धडधडीत खोटं नव्हतं. कार्यक्रमात ऑपेरातली गाणी होती. मोझार्टही होता. "इथेच" हा शब्द त्याने उच्चारला नाही, तो माझ्या डोक्यातला. त्याचं बोट फक्त इमारतीकडे होतं.

ह्यांनी हळूच विचारलं, "अगं, सीट नंबर कुठाय?" मी म्हटलं, "अहो, अ दर्जाची आहेत, दारात देतील." नाटकाला जाताना प्लॅनवर खुर्ची दाखवल्याशिवाय पैसे न काढणारी मी, परदेशात गेल्यावर असं बोलले. माझा अलार्म वाजला, आणि मीच बंद केला.

पैसे द्यायच्या वेळी दुसरी गंमत झाली. कार्डाच्या मशीनवर दोन पर्याय आले, युरो आणि रुपये. "तुमच्या सोयीसाठी" म्हणत त्याने स्वतःच रुपयांवर बोट दाबलं आणि पिनसाठी मशीन माझ्यापुढे धरलं. त्या दिवशीच्या दराने 17,400 च्या आसपास कापले जायला हवे होते. गेले साडेअठरा हजार. रुपये निवडले की दर तुमची बँक नाही, मशीनवाला ठरवतो. हे अगदी कायदेशीर आहे, म्हणूनच ते लक्षात ठेवा. मशीन आपल्या हातात घ्या आणि युरोच दाबा.

हातात आली ती पावती, तिकीट नव्हे. पेनाने "A" आणि "2" लिहिलेलं. सभागृहाचा पत्ता खाली बारीक जर्मनमध्ये.

संध्याकाळी मी रेशमी साडी नेसून खाली उतरले. हॉटेलच्या काउंटरवरच्या बाईंनी पावती पाहिली आणि सावकाश विचारलं, "तुम्ही ऑपेरा हाऊसला निघालात का? ते जुलै-ऑगस्टमध्ये बंद असतं." हंगाम सप्टेंबर ते जून. एका ओळीची माहिती, ऑपेरा हाऊसच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पाच मिनिटांत मिळाली असती.

पत्ता निघाला एका जुन्या वाड्यातल्या दिवाणखान्याचा. सोनेरी रंग दिलेल्या दोनशेएक खुर्च्या, नऊ वादक, दोन गायक. दारातल्या टेबलावर दरपत्रक ठेवलेलं होतं: अ दर्जा, 55 युरो. आम्ही दिले 95. टेबलामागचा मुलगा म्हणाला, विकणारे वेगळे, आम्ही फक्त पावती घेतो. "जिथे जागा मिळेल तिथे बसा." मिळाली ती खांबामागे. वादकांना मात्र नावं ठेवणार नाही, चांगलं वाजवत होते. शेवटी 'राडेत्स्की मार्च' या धूनला सगळ्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. ह्यांनीही धरला. मी हात मांडीवर ठेवून बसले.

परत आल्यावर बँकेकडे तक्रार केली. उत्तर आलं की पिन तुम्हीच टाकलात. युरोपातला चौदा दिवसांत खरेदी रद्द करायचा हक्कही ठरावीक तारखेच्या कार्यक्रमाच्या तिकिटाला लागू होत नाही, म्हणजे त्या वाटेनेही काही परत येणार नव्हतं.

आणि मनाला लागलं ते पुढेच. हंगामात त्याच ऑपेरा हाऊसमध्ये उभ्याने पाहायची तिकिटं त्या त्या दिवशी अगदी स्वस्तात मिळतात. जागा धरायला लोक कठड्याला रुमाल बांधून ठेवतात, आपण एसटीत टाकतो तसा. एप्रिल ते जून आणि सप्टेंबरमध्ये बरेच प्रयोग बाहेरच्या चौकात मोठ्या पडद्यावर फुकट दाखवतात. सप्टेंबरात गेलो असतो तर अस्सल ऑपेरा थोडक्या पैशांत झाला असता.

दुसऱ्या दिवशी आल्बर्टिना संग्रहालयाकडे जाताना तोच कोपरा, तोच लाल कोट. त्याच्यापुढे एक जोडपं अल्बम उलटत होतं, बाई सोनेरी सभागृहाच्या पानावर थांबलेल्या. हे म्हणाले, "चल, जाऊ दे." मी गेले नाही. त्या बाईंना म्हटलं, "सभागृहाचं नाव पावतीवर लिहून मागा, आणि रांग आणि खुर्चीचा नंबरही." त्यांनी मागितलं. मोझार्टने माझ्याकडे एकदा पाहिलं, अल्बम मिटला, टोप सारखा केला आणि ट्रामच्या थांब्याकडे चालू लागला.