लिनक्स मिंट: कोर्टाजवळच्या टायपिंगच्या टेबलावर

शिवाजीनगर कोर्टाजवळ माझं टायपिंगचं काम आहे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वकिलांच्या नोटिसा. डेस्कटॉप जुना, ४ जीबी रॅमचा. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, तेव्हा भाच्याने त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट २२ ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकून दिली.

त्याआधी एक नवा लॅपटॉप घेऊन पाहिला होता. कंपनीचं नाव घेत नाही. भाडेकरार अर्धा झाला होता, दोन्ही पार्ट्या समोर बसलेल्या, नोटरी निघायच्या घाईत, आणि स्क्रीनच्या मधोमध अँटिव्हायरसची खिडकी: मोफत मुदतीचे इतके दिवस उरले, आता पैसे भरा. हे मी मागितलं नव्हतं. काढायला गेले तर पुन्हा दुसरी खिडकी, ‘नक्की काढायचं का?’ मला त्या दिवशी फार राग आला.

मिंटमध्येही बरंच काही सोबत येतं, पण ते कामाचं. वर्डसारखं लिब्रेऑफिस, पीडीएफ उघडणारं, फायरफॉक्स, स्कॅनचं. मराठीसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये इनस्क्रिप्ट ही मराठी कळांची मांडणी जोडली आणि तासाभरात पहिलं प्रतिज्ञापत्र छापून झालं. स्कॅनचं तर मला फारच आवडलं. आधार, वीजबिल, जुना करार, एकेक कागद काचेवर ठेवायचा. पानं स्क्रीनवर शेजारी शेजारी येत जातात. उलटं आलेलं तिथेच फिरवायचं, सगळ्यांची मिळून एकच पीडीएफ.

टीव्ही बघायचं आणि टोरंटचं, म्हणजे नेटवरून मोठ्या फायली उतरवायचं, मला नको होतं. मेनूत त्यावर राइट क्लिक, अनइन्स्टॉल, पासवर्ड. गेलं. कोणी विनवण्या केल्या नाहीत.

म्हणून ‘ऑपरेटिंग सिस्टिमसोबत जास्तीचं काही देऊच नये’ असं कोणी म्हटलं तर ते मला पटत नाही. युरोपियन युनियनच्या कमिशनने २००४मध्ये मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोंचा दंड केला, त्यात एक मुद्दा विंडोजला जोडलेल्या मीडिया प्लेअरचा होता. प्लेअर नसलेली विंडोजही बाजारात आणायला लावली. ती मिळायची त्याच भावात, मग कोण घेणार? माझ्यासारखीला प्लेअर असला तरी चालतो, नको झाला की काढता आला पाहिजे. माणूस पहिल्या दिवशी मशीन उघडतो तेव्हा त्याला पत्र लिहिता यावं, कागद स्कॅन करता यावा. त्यासाठी आणखी पैसे का मोजायचे?

अडचण एकच. वकीलसाहेबांनी वर्डमध्ये केलेले तक्ते इथे कधी कधी सरकतात, रकान्यातली शेवटची ओळ पुढच्या पानावर जाते. त्यांना मी आता पीडीएफही पाठवायला सांगते, आणि तक्ता असला की आधी स्क्रीनवर दाखवते, मगच प्रिंट काढते.