किकिंगवाला कोच: हार्बॉ की टाउब?

अमेरिकन फुटबॉलमध्ये स्पेशल टीम्सचा, म्हणजे किक मारणाऱ्या आणि परतवणाऱ्या तुकड्यांचा कोच म्हणजे लग्नातला आचारी. बिघडलं तरच आठवण होते. पण या खुर्चीतून निघणाऱ्या दोन वाटा पाहा.

जॉन हार्बॉ 1998पासून फिलाडेल्फिया ईगल्सची स्पेशल टीम्स सांभाळत होते. 2007मध्ये त्यांनी मुद्दाम बचावफळीतल्या डिफेन्सिव्ह बॅक्सची जबाबदारी घेतली, कारण किकिंगवाल्याला मुख्य कोच करायला मालक कचरतात. 2008मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सने त्यांना थेट मुख्य कोच केलं. जुनं शिक्षण मात्र सुटलं नाही. फेब्रुवारी 2013च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, 12 सेकंद उरली असताना त्यांचा पंटर (लाथेने चेंडू दूर धाडणारा) स्वतःच्याच एंड झोनमध्ये, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात, चेंडू घेऊन पळत राहिला. प्रतिस्पर्ध्याला 2 गुण सोडले, 8 सेकंद खाल्ली, सामना 34-31 जिंकला. हिशेबी माणूस!

डेव्ह टाउब त्याच खात्यात राहिले. शिकागो बेअर्सकडे असताना त्यांच्या डेव्हिन हेस्टरने 2007च्या सुपर बोलची पहिलीच किक 92 यार्ड परतवली. सामना मात्र हरले. 2013पासून ते कॅन्सस सिटी चीफ्समध्ये. तिथे त्यांना तीन सुपर बोल मिळाले.

नाव हवं असेल तर हार्बॉंची वाट. मला विचाराल तर टाउब. हरल्यावर मुख्य कोचइतक्या शिव्या तरी खाव्या लागत नाहीत.