इट्स अ वंडरफुल लाइफ: चोवीस तारखेचा ठरलेला सिनेमा

न्यू जर्सीत आल्यापासून २४ डिसेंबरच्या रात्री आमच्याकडे टीव्हीवर हाच. फ्रँक काप्राचा, १९४६चा, कृष्णधवल. तेव्हा फारसा चालला नव्हता. १९७४मध्ये कॉपीराइटचं नूतनीकरण राहून गेलं आणि वाहिन्यांनी फुकटात दाखवून दाखवून तो घराघरांत नेला! मधे जरा रेंगाळतो. बायको तेवढ्यात चहा टाकून येते. पण पुलावरचा जेम्स स्ट्युअर्ट बघाच. भोवती बर्फ आणि चेहऱ्यावर घाम, कारण चित्रीकरण उन्हाळ्यातलं. बर्फ म्हणजे आग विझवायचा फेस नि साबणाचं पाणी. तरी मला दरवेळी आवंढा गिळावा लागतो. जाहिरातींनी मात्र वीट आणला. ऐन रडायच्या वेळी गाद्यांचा सेल! रंगीत केलेली प्रत लागली तर सरळ चॅनेल बदला.