नागपूरच्या धंतोलीतल्या मेडिकलवरून घेतलेलं काउंट वाढवायचं इंजेक्शन (फिलग्रास्टिम ३००)

आईची किमो सुरू आहे. दुसऱ्या सायकलनंतर नवव्या दिवशी पांढऱ्या पेशी ११०० वर आल्या, तेव्हा डॉक्टरांनी ५ इंजेक्शनं लिहून दिली, रोज एक, पोटाच्या कातडीखाली. पहिलं घराजवळच्या मेडिकलवरून आणलं, मे महिना, बाहेर ४५ डिग्री, आणि त्यानं साध्या पन्नीत टाकून हातात दिलं! अहो हे प्रोटीन आहे, २ ते ८ डिग्रीतच ठेवायचं असते, मी तिथंच परत केलं. मग धंतोलीत गेलो. इथल्या दादांनी फ्रीजमधून काढून थर्माकोलच्या डब्यात दिलं, बर्फाला चिकटू नये म्हणून मधे कागद घातला, कारण ते गोठू द्यायचं नसते, आणि हलवू नका हेही सांगितलं. असं समजावून सांगणारं कोण भेटते आजकाल?

हे औषध काय आहे ते मला डॉक्टरांनी सांगितलं आणि मी चाटच पडलो. अंगात इन्फेक्शन शिरलं की आपल्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी जी-सीएसएफ नावाचं प्रोटीन सोडतात, ते बोनमॅरोला (हाडांच्या आतला मगज, जिथं रक्ताच्या पेशी बनतात) निरोप देते की न्युट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, बनवा, लवकर बनवा. इंजेक्शनमधे तोच निरोप आहे, फक्त बॅक्टेरियाकडून बनवून घेतलेला. म्हणूनच किमोनंतर २४ तास तरी थांबून देतात, नाहीतर नव्यानं वाढून राहिलेल्या पेशीच किमोत मरतील.

तिसऱ्या दिवशी आईची कंबर आणि मांड्या इतक्या ठणकल्या की ती रात्रभर जागी, मी घाबरलो, पण मॅरो जोरात काम करून राहिला की असं दुखते म्हणे, डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल दिली, बरं वाटलं. पाचव्यानंतर काउंट ६८००. हिमोग्लोबिन मात्र तिथंच, ते यानं वाढत नाही, त्याचा निरोप वेगळा, किडनीतून येणारा एरिथ्रोपोएटिन. हे आधी माहीत असतं तर रिपोर्ट पाहून आई रडली नसती.

आणि एक, इंजेक्शन सुरू आहे म्हणून ताप अंगावर काढू नका, १००.४ किंवा त्याच्या वर गेला की रात्र असो की पहाट, लगेच दवाखाना.

दुकानाला माझ्याकडून ५ पैकी ५. पार्किंग नाही, गाडी गल्लीत लावा. रात्री शटर अर्धं खाली असते, बाजूची खिडकी वाजवली की दादा देतात.