आरोग्यसेवेचा पैसा कुठून: पगारातल्या वर्गणीतून की सगळ्यांच्या करातून?

जर्मनीत १८८३पासून आरोग्यविम्यासाठी पगारातून वर्गणी कापतात. आज मूळ दर १४.६ टक्के, निम्मा कामगाराचा, निम्मा मालकाचा. हा पैसा आरोग्यावरच खर्च होतो, ही त्यातली जमेची बाजू.

ब्रिटनमध्ये १९४८पासून मुख्यतः सर्वसाधारण करांतून आरोग्यसेवा चालते.

आपल्याकडे पगाराची पावतीच नसलेली ऊसतोड बाई वर्गणी कुठून भरणार? उचल फेडता फेडताच हंगाम सरतो. पण काडेपेटी घेतानाही ती जीएसटी भरतेच! म्हणून मला कराचा मार्ग पटतो. तंबाखूवरचा कर आणखी वाढवा, आणि तो पैसा आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात पोचवा. आयुष्मान कार्ड दवाखान्यात भरती झाल्यावर कामी येतं. बीपीची रोजची गोळी त्यावर मिळत नाही.